घडी बसेपर्यंत

जीवाणूंचा एक वाण असा आहे, की त्याला पुण्यातली जानेवारीची सकाळ चालते, पण त्याच दिवसाची दुपार चालत नाही. तो आहे ई. कोलायचा, म्हणजे आपल्या आतड्यात राहणाऱ्या आणि ३७ अंशांवर मजेत वाढणाऱ्या जीवाणूचा. फक्त त्यातलं एक जनुक काढून टाकलेलं आहे. २० अंश सेल्सिअसपर्यंत तो वाढतो. पारा त्याच्या वर सरकला की त्याचा कारभार आटोपतो. क्योटोतले ताकाशी युरा आणि अमेरिकेतल्या कॅरल ग्रॉस यांच्या गटांनी १९८८ साली हे दाखवून दिलं.

काढलेल्या जनुकाचं काम पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं: उष्णता एकाएकी वाढली की पेशीला वाचवणारी खास प्रथिनं बनवण्याचा हुकूम सोडणं. या प्रथिनांना 'हीट शॉक प्रथिनं' म्हणतात. ही ओळ खरी मानली तर तो वाण ४२ अंशांवर मरायला हवा आणि ३७वर सुखात असायला हवा. तो तर पंचविशीतच गारद होतो. २५ अंशांना 'हीट शॉक' म्हणायचं, तर महाबळेश्वरलाही उष्माघाताचा वॉर्ड काढावा लागेल.

माझं म्हणणं असं, की इथे चूक जीवाणूची नाही, नावाची आहे. आपण ज्याला आणीबाणीची यंत्रणा समजतो, ती रोजच्या कामाचीच यंत्रणा आहे. उष्णतेत ती नव्याने जन्माला येत नाही, तिच्यावरचं काम वाढतं आणि म्हणून ती आपल्या नजरेत भरते. हे एकदा मान्य केलं की 'उष्णतेमुळे जीवाणूंतल्या प्रथिननिर्मितीवर काय परिणाम होतो' या परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर बरंच बदलतं.

आधी नावाचा हिशेब करू. हे नाव जीवाणूंमुळे पडलंच नाही. १९६०च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा नावाचे तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ही गुणसूत्रं जाडजूड असतात, आणि जिथलं जनुक कामाला लागलेलं असतं तिथे ती फुगलेली दिसतात. एके दिवशी भलत्याच जागा फुगलेल्या दिसल्या. शोध घेतल्यावर कळलं, की कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. दुसऱ्या एखाद्याने चिडून त्या अळ्या फेकून दिल्या असत्या. रितोसांनी तेच पुन्हा मुद्दाम करून पाहिलं. त्यांचा लेख एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला, मग १९६२मध्ये तो दुसरीकडे छापून आला. जीवाणूंतही असंच काही घडतं, हे कळायला १९७८ उजाडलं. त्या वर्षी क्योटोमध्ये युरा आणि मिशिगनमध्ये फ्रेडरिक नाइडहार्ट यांच्या प्रयोगशाळांनी ते वेगवेगळं दाखवलं.

म्हणजे इन्क्युबेटरची कळ फिरली म्हणून 'हीट' हा शब्द चिकटला. रितोसांनी त्याच पहिल्या लेखात सांगितलं होतं, की पेशीच्या ऊर्जानिर्मितीत खोडा घालणाऱ्या डायनायट्रोफेनॉलनेही तेच फुगवटे येतात, तेही तापमान जराही न वाढवता. पण ते कुणी नावात घेतलं नाही. त्यात आणखी एक घोळ: आज जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला 'हीट शॉक दे' म्हटलं, तर तो जीवाणूंची नळी पाऊण मिनिट ४२ अंशांच्या पाण्यात धरतो, बाहेरचा डीएनए आत शिरावा म्हणून. तो हीट शॉक वेगळा, हा वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे. उष्णता प्रथिननिर्मिती बिघडवते, हे विधान ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात बराच काळ उलट घडतं. रायबोसोम हे पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र. ते ३७ अंशांवर सेकंदाला साधारण १५ ते २० अमिनो आम्लं साखळीत ओवतं. तापमान वीस-बावीसवरून सदतिसापर्यंत नेलं, तर जुळणीचा वेग, आणि त्याबरोबर वाढीचाही वेग, रासायनिक क्रियेच्या साध्या नियमाने चढत जातो. थंडीत काम मंद आणि उकाड्यात झपाट्याने. चाळिशी ओलांडल्यावर हा नियम मोडतो, पण तिथेही पहिला बळी रायबोसोमचा जात नाही.

बळी कुणाचा जातो, हे एलिओरा रॉन आणि बर्नार्ड डेव्हिस यांनी १९७१मध्ये फार सुंदर रीतीने दाखवलं. ४४-४५ अंशांवर ई. कोलायची वाढ रेंगाळते, तेव्हा वाढमिश्रणात मेथिओनिन हे अमिनो आम्ल थोडं घातलं की ती पुन्हा जोर धरते. कारण मेथिओनिन बनवण्याच्या वाटेवरचं पहिलं एन्झाइम उष्णतेच्या बाबतीत अगदी नाजूक आहे. हजारो प्रकारची प्रथिनं धडधाकट आणि एकाची घडी विस्कटली, तरी सगळा कारखाना अडतो. त्यातही गंमत अशी, की प्रत्येक नव्या प्रथिनाची साखळी मेथिओनिननेच सुरू होते. ओवायला दोरा आहे, हात आहेत, पहिलाच मणी नाही!

माझ्या मते या प्रयोगाला पुस्तकांत मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी. उष्णता प्रथिनांचं उत्पादन थेट बंद पाडत नाही. ती तयार प्रथिनांची घडी मोडते, आणि त्या मोडतोडीतून उत्पादन अडतं. म्हणूनच 'प्रथिननिर्मिती' या शब्दाचीच व्याप्ती आपण तोकडी ठरवली आहे असं मला वाटतं. शाळेपासून शिकवतात ते असं: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून रायबोसोमवर साखळी, साखळी सुटली की संपलं. पण सुटलेली साखळी म्हणजे प्रथिन नव्हे. नऊवारीचं कापड आणि नेसलेली नऊवारी यांत जेवढा फरक, तेवढा तिथे असतो. साखळीची नेमकी घडी पडली तरच ती एन्झाइम म्हणून काम करते.

या गैरसमजाला एका थोर प्रयोगाचाही हातभार लागला आहे. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या छोट्या प्रथिनाची घडी रसायनांनी पूर्ण उलगडली आणि रसायनं काढून घेतल्यावर ते आपोआप जसंच्या तसं घडी होऊन कामाला लागलं. घडीची सगळी माहिती साखळीतच असते, हा निष्कर्ष अगदी बरोबर होता, आणि १९७२चं नोबेल त्यासाठी योग्यच होतं. पण तो प्रयोग परीक्षानळीतल्या पातळ द्रावणात झाला होता. जीवाणूच्या पोटात तशी ऐसपैस जागा नसते. तिथे दर लिटरमागे ३०० ग्रॅम आणि त्याहूनही जास्त मोठे रेणू कोंबलेले असतात. गर्दीच्या वेळी दादरच्या जिन्यावर साडीची घडी घालून पाहा. अर्धवट उलगडलेल्या प्रथिनाच्या आतले पाण्याला नाखूष असलेले भाग बाहेर पडतात, शेजारच्या तसल्याच भागांना चिकटतात, आणि गुठळ्या होतात. अंडं उकडल्यावर पांढरं होतं, ते याच गुठळ्यांमुळे. रेणूंची धडपड वाढवून उष्णता या चिकटाचिकटीला जोर आणते. ती मुळात २० अंशांवरही चालू असतेच.

ही चिकटाचिकटी टाळणाऱ्या प्रथिनांना इंग्रजीत 'चॅपरोन' म्हणतात. तरुण मुलामुलींत नको ती सलगी होऊ नये म्हणून त्यांच्याबरोबर पाठवलेली प्रौढ बाई, असा त्या शब्दाचा मूळ रोख. मला त्यापेक्षा आपला शब्द जास्त नेमका वाटतो: पाठराखीण. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाणारी, तिचा जीव रमेपर्यंत सोबत करणारी आणि मग आपल्या घरी परतणारी. परतणं हा इथला मुख्य मुद्दा आहे. ही प्रथिनं घडी बसेपर्यंत साथ देतात, पण तयार प्रथिनाचा भाग होऊन राहत नाहीत. सासरची घडी कशी बसावी हे पाठराखीण ठरवत नाही, तसंच प्रथिनाने कोणता आकार घ्यावा हे चॅपरोनही सांगत नाही. अँफिन्सन तिथेही खरेच ठरतात. ती फक्त वेळ आणि आडोसा देते.

आडोसा हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. 'ग्रोईएल' ही ई. कोलायमधली प्रसिद्ध पाठराखीण. सात-सात घटकांची दोन कडी पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखी तिची रचना असते. आतल्या पोकळीत एक एकटी अर्धवट साखळी शिरते, 'ग्रोईएस' नावाचं झाकण वरून बसतं, आणि दहा-पंधरा सेकंद त्या साखळीला शेजारपाजार नसलेली खोली मिळते. त्या वेळात घडी जमली तर ठीक, नाही तर पुन्हा रांगेत. ही पाठराखीण उष्णतेच्या अभ्यासातून सापडली नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ग्रोईएल आणि ग्रोईएस यांची ग्रोई जनुकं सत्तरच्या दशकात सापडली ती लॅम्डा या विषाणूमुळे. काही जीवाणूंमध्ये विषाणूच्या डोक्याची जुळणी नीट होत नव्हती, म्हणून कोस्टा जॉर्जोपौलोस आणि इतरांनी त्याचं कारण शोधलं. 'ग्रो' हा विषाणूच्या वाढीचा संक्षेप. आणि १९८९मध्ये स्पष्ट झालं, की ही दोन जनुकं नसतील तर ई. कोलाय कोणत्याच तापमानाला जगत नाही, थंडीतसुद्धा नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो: इतकी उठाठेव कशाला? बिघडलेलं प्रथिन मोडून टाकावं आणि नवीन बनवावं. पेशी तेही करते, 'लॉन'सारखी प्रथिनं तोडणारी एन्झाइमं हीट शॉक प्रथिनांच्याच यादीत आहेत. पण हिशेब मांडून पाहा. साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला पेशीच्या ऊर्जेच्या चलनात साधारण चार एटीपीइतकी किंमत पडते. म्हणजे ३०० अमिनो आम्लांच्या प्रथिनाला बाराशेच्या वर एटीपी. ग्रोईएलच्या एका फेरीला एका कड्यामागे सात एटीपी लागतात. दहा फेऱ्या झाल्या तरी सत्तर. कपबशी फुटली तर नवी आणतात, पण पितळेचं पातेलं कल्हई लावून वापरतात. पेशीचं गणित त्याच जातीचं आहे. गुठळी झाल्यावरही 'क्लिपबी' नावाचं प्रथिन 'डीएनएके' या दुसऱ्या पाठराखिणीच्या मदतीने त्यातून साखळ्या ओढून मोकळ्या करतं आणि त्यांची पुन्हा घडी बसायला वाव देतं. इतकं झाल्यावरही जमलं नाही, तर मोडीत.

आता या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. उष्णता वाढली हे जीवाणूला कळतं कसं?

सुरुवातीच्या त्या वाणातून काढलेलं जनुक 'सिग्मा-३२' नावाचं प्रथिन बनवतं. डीएनए वाचणाऱ्या यंत्राला ते 'आता ही जनुकं वाच' असं सांगतं. ग्रॉस यांच्या गटाने १९८४मध्ये त्याचं हे काम ओळखलं. ३० अंशांवर वाढणारे जीवाणू ४२ अंशांवर नेले, तर हीट शॉक प्रथिनांची निर्मिती मिनिटाभरात चढू लागते, पाचेक मिनिटांत दहा-पंधरा पटींवर पोचते, आणि मग, बाहेर ४२ अंश तसेच असताना, पुन्हा खाली उतरते. हे उतरणं फार बोलकं आहे. जीवाणू नुसता तापमापक वाचत असता, तर ४२ अंश असेपर्यंत भोंगा वाजतच राहिला असता.

तसं होत नाही, कारण त्याची मोजपट्टी वेगळी आहे. नेहमीच्या दिवसांत सिग्मा-३२चं अर्धायुष्य जेमतेम मिनिटभराचं असतं. रिकाम्या बसलेल्या पाठराखिणी, मुख्यतः डीएनएके आणि तिच्या सोबतिणी, त्याला धरतात, आणि 'एफटीएसएच' नावाचं एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. उष्णता वाढली की घड्या विस्कटलेल्या साखळ्यांचा लोंढा येतो आणि पाठराखिणी तिकडे गुंततात. सिग्मा-३२ला धरायला कुणी मोकळं नसतं. तो टिकतो, साठतो आणि आणखी पाठराखिणी बनवायला लावतो. त्या पुरेशा झाल्या, तुंबलेलं काम उपसलं, की काही पुन्हा मोकळ्या होतात आणि सिग्मा-३२ला पकडू लागतात. हुकूम आपोआप सौम्य होतो. थोडक्यात, जीवाणू ऊन मोजत नाही, तुंबलेलं काम मोजतो. कोणतं टेबल किती भरलंय यावरून साहेबाला जे कळतं, ते बाहेरच्या थर्मामीटरवरून कळत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते. १९९९मध्ये युरा यांच्याच गटाने दाखवलं, की सिग्मा-३२चा आरएनए-निरोप स्वतःच एक तापमापक आहे. गारव्यात तो स्वतःवरच दुमडून सुरुवातीची जागा झाकून ठेवतो. तापमान चढलं की दुमड सुटते आणि रायबोसोमला वाचायला जागा मिळते. इथे कोणतंही प्रथिन बिघडायची वाट पाहिली जात नाही. म्हणजे तापमापक आहे, आणि चांगला आहे. पण तो फक्त पहिला धक्का देतो. तो धक्का किती वेळ चालावा, कधी थांबावा, हे तुंबलेलं कामच ठरवतं. आणि तापमापकाशिवायही हीच यंत्रणा उठते. अल्कोहोल घाला, उठते. आर्जिनिनऐवजी त्याची नक्कल असलेलं कॅनाव्हॅनिन खायला घाला, म्हणजे बनणारी प्रथिनं मुळातच वेडीवाकडी होतात, तरी उठते. तापमान सगळा वेळ ३७च.

यातला सर्वात सुरेख पुरावा १९९०चा, रूथ व्हॅनबोगेलेन आणि नाइडहार्ट यांचा. त्यांनी रायबोसोमवर काम करणारी प्रतिजैविकं एकेक करून दिली. प्युरोमायसिनने साखळी अर्ध्यावर तुटते, स्ट्रेप्टोमायसिनने चुकीची अमिनो आम्लं ओवली जातात. दोन्हीतून सदोष प्रथिनांचा ढीग पडतो. या औषधांनी जीवाणू उष्णता लागल्यासारखा वागला. टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोमला अडवून ठेवतात, माल बाहेर येऊच देत नाहीत. या औषधांनी तोच जीवाणू थंडी वाजल्यासारखा वागला. तापमान एका अंशानेही हललं नव्हतं. रायबोसोमला उष्णतेचं आणि थंडीचं संवेदनयंत्र म्हणावं, असं त्यांनी सुचवलं. मी त्यात थोडी भर घालेन: जीवाणूच्या दृष्टीने 'ऊन' म्हणजे बिघडलेल्या मालाचा ढीग, आणि 'थंडी' म्हणजे अडलेलं यंत्र.

म्हणून या सगळ्याला लावला जाणारा 'ताण' हा शब्द मला खटकतो. त्यातून एक शांत, निरोगी, बिनत्रासाची स्थिती गृहीत धरली जाते आणि त्यावर बाहेरून हल्ला आल्याचं चित्र उभं राहतं. जीवाणूच्या पोटात अशी स्थिती कधीच नसते. २५ अंशांवरही काही साखळ्या चुकतात, चिकटतात, सोडवाव्या लागतात. ४२ अंशांवर त्यांचं प्रमाण वाढतं, इतकंच.

नावाच्या चुकीने व्यवहारातही गफलत होते. पाश्चरीकरणाचे आकडे (६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद) आपल्याला पाठ असतात. पण आधी ४२-४५ अंशांची ऊब मिळालेले जीवाणू पुढे ५० अंशांच्या वरही जास्त वेळ तग धरतात, हे अन्नतंत्रज्ञ सोडून फारसं कुणी सांगत नाही. पाठराखिणी आधीच जमलेल्या असतात ना. उष्णतेने जीवाणू दुबळा होतो असं समजून चाललं, की मंद आचेवर हळूहळू कोमट होत जाणारं पातेलं सुरक्षित वाटू लागतं. (दूध सरळ उकळणाऱ्या घराने याची काळजी करू नये, खळखळत्या उकळीपुढे ई. कोलाय टिकत नाही.)

दुसरी गफलत तापाबद्दल: जीवाणूला ऊन लागतं ते ताप आल्यावरच, असं आपण समजतो. विहिरीच्या पाण्यातून ई. कोलाय किंवा टायफॉइडचा जीवाणू आपल्या पोटात जातो, तेव्हा तो पंचवीसवरून थेट सदतिसावर येतो. आपल्याला ताप भरण्याच्या कितीतरी आधी, आपलं निरोगी शरीरच त्याला ऊन दाखवतं. काही जीवाणूंनी तर या उबेलाच खूण मानलं आहे. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचा जीवाणू पिसवेच्या अंगात हवेच्या तापमानाला राहतो. माणसाच्या शरीरात ३७ अंश लागले, की 'एलसीआरएफ' या नियंत्रक प्रथिनाच्या आरएनएची दुमड सुटते आणि हल्ल्याची अवजारं बनू लागतात. सिग्मा-३२चीच युक्ती, पण काम वेगळं. त्याच मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या जीवाणूंची रश्श्यातली वाढ उष्णतेने मारून लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. एका उबेने जो जीवाणू हत्यारं परजतो, तोच दुसऱ्या, जास्त आचेने लसीच्या बाटलीत जातो.

तिसरी गोष्ट प्रथिनं बनवणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेतली. परक्या जनुकाचं प्रथिन ई. कोलायकडून भरपूर बनवून घ्यायला गेलं, की ते बहुधा गुठळ्यांच्या रूपात मिळतं. मग विद्यार्थी शेकर १६-१८ अंशांवर लावून रात्रभर सोडून जातो. कारण साधं आहे: जुळणी मंदावली की पाठराखिणींना उसंत मिळते.

उष्णतेत दीर्घकाळ राहायचं झालं तर? २०१२मध्ये ऑलिव्हिए तेनायाँ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या ११५ स्वतंत्र वसाहती ४२.२ अंशांवर २००० पिढ्या वाढवल्याचं प्रसिद्ध झालं. माझं म्हणणं भाबडेपणाने ताणलं, तर उत्परिवर्तनं पाठराखिणींच्या जनुकांत साठायला हवी होती. ती मुख्यतः डीएनए वाचणाऱ्या यंत्राच्या आणि वाचन थांबवणाऱ्या 'ऱ्हो' प्रथिनाच्या जनुकांत सापडली. मला आधी हे गैरसोयीचं वाटलं. पुढच्या संशोधनात दिसलं, की त्यातल्या पहिल्यावहिल्या बदलांनी शेकडो जनुकांचं काम उष्णतेआधी होतं त्या पातळीकडे परत आणलं. आणीबाणी कायमची लावून कुणी दोन हजार पिढ्या काढत नाही. त्या वसाहतींनी ४२ अंशांना नेहमीचे दिवस करून टाकलं.

आणि तो पहिला वाण? तो जानेवारीच्या सकाळीच अडकून राहिला नाही. संशोधकांनी त्याला अधिक उबेत ठेवून काही वंशज टिकतात का ते पाहिलं, आणि काही टिकले. सिग्मा-३२ त्यांच्याकडे अजूनही नव्हता. पण त्यांच्यातल्या बहुतेकांमध्ये डीएनएचा एक भटका तुकडा ग्रोईच्या जनुकांच्या अलीकडे येऊन बसला होता आणि ती जनुकं जोरात चालू झाली होती. एवढ्यावर ते ४० अंशांपर्यंत वाढू लागले. ज्यांच्यात डीएनएकेही वाढलं, त्यांनी ४२ गाठले. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो बऱ्यापैकी सुसह्य दिवस असतो.